बनाबाहेरचा झरा

शिलाँग,
८ नोव्हेंबर १९९८

ती. वानफ्रांगमामास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. रागावलास तरी तुझा राग दोन सुपाऱ्या चघळून होईपर्यंतच टिकतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी बरी आहे. इथे थंडी पडली आहे आणि वसतिगृहातल्या मुली एकाच शेगडीभोवती बसून अभ्यास कमी आणि चहाड्या जास्त करतात. मेईचे गुडघे कसे आहेत? तुझ्या त्या बहिणीला माझा निरोप सांग, की पोटचं शेंडेफळ घर सोडून शहरात बसलंय म्हणून गावभर रडगाणं गाऊ नकोस. प्रबंध संपला की चूल सांभाळायला मीच येणार आहे, दुसरी कोण येणार?

प्रबंध आपल्या देवाच्या बनावरच चालला आहे. आमचे सर म्हणतात, माणसाला वाढायचंही असतं आणि टिकायचंही असतं, या दोन्हींचं भांडण गावांनी पुस्तकांशिवाय कसं मिटवलं ते शोधा. दोन वर्षांपूर्वी तू आणि मी बनाच्या हद्दीचे अकराही दगड पावलांनी मोजत फिरलो होतो ना, तो नकाशा त्यांना फार आवडला. खाली मी लिहिलं आहे, 'मापन: पुजारी वानफ्रांग, अनवाणी'. वर्गात हशा पिकला.

आता दुसरी गोष्ट. रिलिनताईचे यजमान, आपले बाह मॉर्निंग, गेल्या आठवड्यात जीप घेऊन आले होते. मेईने दिलेली सुपारी त्यांनी पोचवली आणि बरोबर बातमीही दिली. चुनखडीच्या कंपनीचे लोक गावात तीनदा येऊन गेले म्हणे. बनाखालच्या आपल्या उताराकडे बोट दाखवत होते, आणि मग तुझ्या चुलीपाशी बसून चहा प्यायले. मामीच्या घरावर नवे कोरे पत्रे चढले आहेत हेही कळलं. मी भावजींना म्हटलं, असं काही असतं तर मामाने मला लिहिलं असतं.

पण तू लिहिलं नाहीस. मामा, तो उतार मेईच्या मागे धाकटी लेक म्हणून माझ्याकडे येणार. गावच्या दरबारात मात्र बायकांना बसता येत नाही, तिथे माझं तोंड म्हणजे तू. माझंच तोंड काय बोलतंय हे मला जीपवाल्याकडून कळावं का? तर सरळ विचारते. कंपनीला काय हवं आहे, तू त्यांना काय म्हणालास, आणि पत्रे कुठून आले?

लोभ आहेच, तो या थंडीत आखडू नये ही विनंती.

तुझी भाची,
इबान

—

लाइतरेंग,
१७ नोव्हेंबर

चि. इबान हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. एक विचारतो, तू पाकीट डिंकाने चिकटवतेस की भाताने? माझ्या हाती आलं तेव्हा कडेला एक शीत चिकटलेलं होतं. शहरात डिंक महागला असेल.

तुझ्या सरांचं म्हणणं मी मेईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे तर माझी आई झाडू हातात घेऊन सांगायची, त्या माणसाला याचा पगार मिळतो का? मिळतो म्हटल्यावर तिने आणखी एक सुपारी मागितली. गुडघे तसेच आहेत. चढण नको म्हणतात, आणि आपल्या गावात चढण सोडून दुसरं आहे काय? अंगणातून चुलीपाशी जायलासुद्धा दोन पायऱ्या आहेत.

कंपनीला दगड हवा आहे. आपल्या गावात दगड सोडून काय आहे म्हणून दुसरं काही मागतील? दारात आलेल्याला सुपारी आणि चहा द्यायचा नाही, तर मी खासी कसला? साहेब माझ्या चुलीपाशी बसला आणि धुराने सारखे डोळे पुसत होता. मला त्याची दयाच आली. तो बोलला, मी ऐकलं. माझं वय ऐकण्याचं झालं आहे.

पत्र्यांचं म्हणशील तर पत्रे आहेत. सर आली की एवढा आवाज होतो की तुझ्या मामीचं बोलणं ऐकू येत नाही. ही सोय मला तीस वर्षांपूर्वीच करायला हवी होती.

संत्री पिकायला लागली आहेत. दहा तारखेच्या आत ये, आणि एकटी ये. संत्रं झाडाखाली बसून, फोड मधात बुडवून खायचं असतं. पाकिटात घालून ते पाठवता येत नाही, हे तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलीला समजायला हवं. मी सध्या वेत सोलतोय. जुनी थापा मोडकळीला आली आहे, पाठीवरून माणूस न्यायचा तर खुर्ची भक्कम हवी.

तब्येतीला जप. म्हाताऱ्याची आठवण परीक्षेत येत नाही म्हणून पुसून टाकू नकोस.

तुझा मामा,
वानफ्रांग

—

लाइतरेंग,
२६ नोव्हेंबर

चि. इबान हीस अनेक आशीर्वाद.

ताईचं पत्र पाहून घाबरू नकोस, मेई आता बरी आहे. पण तू आपल्या सरांसाठी लिहितेस ना, मग हेही लिही. पंधरवड्यापूर्वी, सोमवारी, तिला ताप भरला आणि मंगळवारी ती बरळायला लागली. तुझ्या भावजींनी तिला थापेत बसवलं, तिचा वेताचा पट्टा आपल्या कपाळाला लावला आणि अठराशे पायऱ्या चढून रस्त्यावर आणलं. मी मागून तिचे पाय धरून चालत होते. निम्म्या वाटेत त्यांच्या नाकातून रक्त यायला लागलं, तरी त्यांनी थापा खाली ठेवली नाही. दवाखान्यात डॉक्टरीण म्हणाली, काल का नाही आणलंत?

माझी धाकटी पोर कुठे गेली ते तुला ठाऊक आहे. चौदाशेव्या पायरीवर. तिथून वर रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकू येत होते. त्या पायरीवर मी आजही पाय ठेवत नाही, ओलांडून जाते. वाढायचं की टिकायचं हे ज्यांच्या दारात गाडी येते त्यांनी बसून ठरवावं. कंपनी आली तर रस्ता गावात उतरेल, आणि मला तेवढंच पाहिजे. डोंगर आहे तिथेच राहील, जरासा बुटका होईल.

आता मामाचं. मी काही बोलत नाही. तो आपल्या घरात मामा आणि बायकोच्या घरात बाप. दोन चुलींना एकच लाकूडतोड्या असला की मोळी कुठे जास्त पडते ते शेजाऱ्यांनाही दिसतं. पत्रे मामीच्या घरावर चढले, आपल्या नाही. कंपनीचा साहेब आला की हा त्याला हात धरून उंबरठ्यापर्यंत सोडायला जातो. आणि बनाच्या हद्दीचे दगड हलले आहेत. सातवा, आठवा आणि नववा. मी गवत कापायला गेले होते, तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. जुन्या जागी ओले खळगे आहेत. पुजाऱ्याशिवाय ती हद्द दुसरं कोणी चालत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. मी दरबारात जाऊन बोलू शकत नाही, आणि ह्यांनी काढलं तर बायकोचं ऐकून पुजाऱ्यावर उठला म्हणतील.

मी पाहिलं ते लिहिलं. त्याचा अर्थ तू लाव, तू शिकलेली आहेस.

थोरलीवर माया असू दे, धाकटीच्या वाट्याला जमीन आली तरी.

तुझी,
रिलिन

—

शिलाँग,
३ डिसेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मेई आजारी पडली हे तू कळवलं नाहीस. थापा भक्कम हवी एवढंच लिहिलंस, आणि मी मूर्ख, मला वाटलं विकायला विणतो आहेस.

तुझ्याकडून लहान मुलीसारखी विनोदाने समजूत काढून घेण्याचं माझं वय गेलं. तीन दगड हलले हे खरं की खोटं? आपल्या बनातून वाळलेलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही, हे तूच मला शिकवलंस. सहा वर्षांची असताना मी तिथून एक बी उचलून आणली होती, तर तू मला रात्री उठवून अंडं फोडून देवाची क्षमा मागायला लावलीस. माझ्या एका बीसाठी एवढं, आणि तू देवाची हद्दच आत सरकवलीस? किती आत? बन जेवढं आक्रसेल तेवढा कंपनीचा दगड वाढेल, एवढं गणित मलाही येतं.

मी लोकांच्या गावांबद्दल लिहिते मामा, की बाहेरच्या पैशाने नाती कशी कुजतात. आपल्या घराबद्दल लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. माझ्या मनात येतं ते लिहायला हात धजत नाही, पण मामीचे पत्रे डोळ्यांसमोरून हलत नाहीत. मेई म्हणते, मामा म्हणजे भाचीच्या घराचा खांब. खांबच दुसऱ्याच्या छपराला लागला तर आम्ही कुठे जावं?

मला संत्री नकोत. परीक्षा तोंडावर आहे, येता येणार नाही. उत्तर हवं.

इबान

—

लाइतरेंग,
१२ डिसेंबर

चि. इबान हीस आशीर्वाद.

पत्र लागलं. म्हणजे मिळालं तर आहेच, पण लागलंही.

दगड हलले आहेत. मीच हलवले, आणि त्या दिवसापासून पाठ धरली आहे, सरळ उभं राहता येत नाही. तू म्हणतेस तसं नाही, एवढंच आज लिहितो. बाकीचं समोर बसून सांगेन. परीक्षा दरवर्षी येते, मी दरवर्षी असेनच असं नाही.

एक काम कर. तो नकाशा पेटीच्या तळाशी ठेव. सरांकडे प्रत असेल तर परत मागून घे. कुणाला देऊ नकोस, दाखवू नकोस, आणि का ते पत्रात विचारू नकोस. जानेवारीत कंपनीचे मोजणीदार येतील, त्यानंतर हवं तर भिंतीवर टांग.

हलवण्याआधी मी देवाला विचारलं होतं. तीन अंडी फोडली. कवच्या एकदा हो म्हणाल्या, एकदा नाही म्हणाल्या, आणि तिसऱ्यांदा सगळ्या पालथ्या पडल्या. देवालाही खाणीचा अनुभव नसावा.

या पाकिटालाही भात होता. वाचणाऱ्याने हे वाचलं असेल तर त्याला माझा निरोप: आमच्या घरी डिंक आहे, मागून न्यावा, लाजू नये.

मेई तुझी वाट बघते. मी तर बघतोच, पण माझं तुला आता गोड लागणार नाही.

वानफ्रांग

—

शिलाँग,
१८ डिसेंबर

ती. काँग रिलिन, माझ्या ताईस सा. न. वि. वि.

मामाचं पत्र आलं. दगड त्यानेच हलवल्याचं तो कबूल करतो, आणि वर मला सांगतो की नकाशा लपवून ठेव, मोजणी होईपर्यंत कुणाला दाखवू नकोस. यापुढे शंकेला जागा उरली का? ज्याच्या मनात काळंबेरं नाही तो जुनी हद्द लपवायला कशाला सांगेल? आणि माझी पत्रं कोणीतरी फोडतं असा कांगावाही करतो. चोराच्या उलट्या बोंबा.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. शेवटी ठरवलं. सोबत नकाशाची नक्कल आणि मुखियांच्या नावे पत्र आहे. त्यात लिहिलं आहे की हे माप मी स्वतः, पुजारी वानफ्रांग यांच्यासमोर, त्यांच्याच पावलांनी घेतलं. अकरा दगडांच्या जागा आणि त्यांच्यामधली पावलं याप्रमाणे. ही बनाची खरी हद्द, हिच्या बाहेर एक हात नाही आणि आत एक हात नाही. खाली सही केली आहे आणि धाकटी लेक म्हणून अंगठाही उठवला आहे. भावजींनी ते दरबारात वाचून घ्यावं. बन वाचलं पाहिजे, मग मामाची लाज गेली तरी चालेल. हे लिहिताना मला रडू आलं हे कुणाला सांगू नकोस.

रस्त्याचं तुझं म्हणणं मला कळतं. चौदाशेवी पायरी मीही ओलांडूनच जाते, तुला कधी सांगितलं नाही एवढंच.

माया आहे ती अशीच ठेव. आता तुझ्याशिवाय मला खरं सांगणारं कोणी नाही.

तुझी,
इबान

—

लाइतरेंग,
१० जानेवारी १९९९

चि. इबान हीस अनेक आशीर्वाद.

तुझं काम झालं. परवा दरबार भरला. मुखियांनी तुझं पत्र उभं राहून वाचलं आणि नकाशा हातोहात फिरवला. मामाला विचारलं, हे माप तुझ्यासमोर झालं का? तो हो म्हणाला. तिन्ही दगड उचलून जुन्या खळग्यांत बसवले. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसांनी फीत लावून मोजणी केली.

आता तू माझ्यावर चिडशील, म्हणून मीच सांगते. दगड आत नव्हते गेले, बाहेर आले होते. झरा, सुपारीची बाग, नदीपर्यंतचा सगळा उतार मामाने देवाच्या नावावर केला होता. मी दगड हलले असं लिहिलं. कुठे हलले ते तू विचारलं नाहीस. मी तुला खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही.

आणि उतार देवाचा झाला असता तर काय झालं असतं, ते पाण्याला जाणाऱ्या बायकांना विचार. बनातून काही बाहेर न्यायचं नाही, मग घागर कुठे भरायची? मामाला हे सुचलं नाही असं नाही, पण घागर त्याच्या डोक्यावर नसते.

मला तू शत्रू समजू नकोस. मला रस्ता पाहिजे. सहीला ये, तेव्हा तुझ्या आवडीचा जादोह करीन, डुकराचं मांस सांगून ठेवलं आहे.

तुझी,
रिलिन

—

लाइतरेंग,
१४ जानेवारी

चि. इबान हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र शाळेच्या नव्या बाईंबरोबर पाठवतो आहे. त्या पायी वर जाऊन बसने येतील, म्हणून आज मोकळं लिहितो. आधीची सगळी पत्रं मॉर्निंगच्या जीपमधून जात होती, आणि त्याच्या घरी डिंक नसतो. आता कळलं ना, मी संत्र्यांच्या एवढा मागे का लागलो होतो?

तू मन लावून ऐक, आणि मध्ये रडू नकोस.

आपल्या पूर्वजांनी हद्द आखली तेव्हा झरा मुद्दाम बाहेर ठेवला. बनात असता तर त्यातलं थेंबभर पाणी कोणाला नेता आलं नसतं. देवाने झाडं घ्यावीत, माणसांनी पाणी घ्यावं, असा तो सौदा होता, आणि तो आजवर कोणी मोडला नाही. पण खाण येणार हे त्या बिचाऱ्यांना कुठून ठाऊक असणार? कंपनी बनाला हात लावायला भिते, कायदाही आड येतो. उताराला मात्र आड यायला कोणी नाही, आणि चांगला दगड सगळा उतारात आहे. नोंगब्रीला माझी चुलत बहीण राहते. तिथे वर सुरुंग लागले आणि दोन हिवाळ्यांत झरा आधी दुधासारखा झाला, मग दिसेनासा झाला. आपला डोंगर आतून पोकळ आहे, पाणी कुठल्या वाटेने येतं हे साहेबालाही माहीत नाही. मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, अभ्यास चालू आहे.

म्हणून मी वेंधळा म्हातारा झालो. चहा पाजला, हो ला हो केलं. त्याने पत्रे देऊ केले, मी घेतले. हे तुझं खरं निघालं, पत्रे कंपनीचेच आहेत. नाही म्हटलं असतं तर त्याला संशय आला असता. आणि खरं सांगू का, मामीचं छप्पर गळतही होतं. उतार द्यायला घराण्याच्या मामाची हरकत नाही, असा कागद त्याने पुढे केला, त्यावर सहीही केली. मनात म्हटलं, कर सही, उतार देवाचा निघाला की या कागदाची पुडी बांधायची. मग वेत तोडायला जातो असं सांगून एक एक दगड खाली आणला. नववा दगड झऱ्याच्या पन्हळीच्या बरोबर वर ठेवला. रिलिन म्हणते पाण्याचं मला सुचलं नाही. मी त्यावर महिनाभर डोकं खाजवलं. झरा बनात, पण पाणी आपल्या पायांनी दगड ओलांडून बाहेर पडतं. जे आपणहून बाहेर येतं ते आपण आणलं असं होत नाही. देवापुढे हा वाद मी निभावला असता.

तुझ्यापुढे मात्र हरलो. दरबारात तुझं पत्र वाचलं तेव्हा सगळी माणसं पागोटी सावरून बसली. आपल्या गावाच्या दरबारात बाईचा शब्द याआधी कधी वाचला गेला नव्हता. तुझा वाचला, आणि सगळ्यांनी मानला. एका बाजूने मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू. मग मुखियाने मला विचारलं, माप खरं का? ते माझ्याच पायांनी मोजलेलं. बनाच्या देवाची शपथ घालून विचारल्यावर मी नाही कसं म्हणणार होतो? दगडांशी खोटं करता आलं, तोंडाने नाही आलं.

मी तुला आधी का सांगितलं नाही, हा तुझा खरा राग. पत्रं फुटत होती, हे अर्धं कारण. अर्धं असं, की तुझ्याच जमिनीचा तुकडा तुला न विचारता मी देवाला देऊन टाकत होतो. तू खुशीने हो म्हणशील याची मला खात्री नव्हती. तू माझ्यावर संशय घेतलास, आणि मी तुझ्यावर. फिटंफाट झाली.

आता राहिलं काय ते ऐक. उतार घराण्याचा ठरला. माझी सही त्यांच्याकडे आहेच. मेईने अंगठा द्यायला नकार दिला. ती म्हणाली, इबान म्हणेल ते. म्हणजे सगळं तुझ्या एका सहीवर येऊन थांबलं आहे. मला हेच टाळायचं होतं गं. देवाची जमीन कोणी मागायला जात नाही. माणसाची रोज मागतात, आणि मागणारा परका नसतो. रिलिन मागेल, तिची मागणी खोटी नाही. मुखिया मागेल, शेजारी मागतील, कोणी आजारी पडलं की पाळण्यातलं पोरही तुझ्याकडे बोट दाखवेल. देवाला नाही म्हणायला तोंड उघडावं लागत नाही. तुला जन्मभर उघडावं लागेल, आणि तेही बहिणीसमोर.

तू हो म्हणालीस तरी मी तुला दोष देणार नाही. मी मेईला पायऱ्यांवरून जाताना पाहिलं आहे.

पत्रे पावसाळा संपला की उतरवीन. आधी उतरवले तर मामी मला उतरवेल.

राग धरून बसू नकोस, तेवढा वेळ दोघांकडेही नाही.

तुझा मामा,
वानफ्रांग

—

शिलाँग,
२२ जानेवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट डिंकाने चिकटवलं आहे आणि मॉर्निंग भावजींच्याच हाती देणार आहे. त्यांनी वाचावं, लपवण्यासारखं काही नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ताईला लिहिताना मी तुला चोर म्हटलं, ते पुसता येत नाही आणि त्याबद्दल क्षमा कशी मागायची ते मला येत नाही. माझा नकाशा चूक नव्हता, हेच मला सर्वांत जास्त खातं. एक एक पाऊल बरोबर होतं.

सरांना भेटले. प्रबंध इथेच थांबवते म्हटलं. ते म्हणाले, आता तर खरा विषय हाती लागला आहे, आता सोडतेस? मी म्हटलं, हाती लागलाय म्हणूनच सोडते. त्यांना समजलं की नाही कोण जाणे. त्यांनी नकाशाची प्रत परत देऊ केली. मी घेतली नाही, आता ती कुठेही असली तरी सारखीच.

शनिवारच्या जीपने येते, सामान घेऊन. मी सही करणार नाही. रिलिनताईला हे मी स्वतः सांगेन, तिच्या चुलीपाशी बसून, तू मध्ये पडू नकोस. ती मला काय विचारेल ते मला आताच ऐकू येतं. पुन्हा मेईला ताप आला तर कोण नेणार, असं विचारेल. त्यावर वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. जिने रस्ता अडवला तिनेच मेईला वर न्यायला हवं, दुसऱ्याच्या नवऱ्याच्या नाकातून रक्त काढून नव्हे. मुखियाकडे रस्त्यासाठी सरकारी अर्ज मी लिहीन, दरवर्षी लिहीन, पण त्या अर्जावर मेईला बसवता येत नाही.

म्हणून तुझ्याकडे एवढंच मागते. नवी थापा विणून झाली असेल तर पट्टा अजून बांधू नकोस. मी आले की माझ्या कपाळाच्या मापाने बांध.

तुझा लोभ मी गमावला नसेन, तर तो शनिवारी पायऱ्यांच्या तोंडाशी उभा असू दे.

तुझी भाची,
इबान